पू. खा., प. खा. आणि काळी टोपी: भुसावळ ते धुळे, चार दिवस

खानदेशात दुकानात जाऊन ‘टोपी दाखवा’ म्हटलं की पांढरी येते. टॉवेल-टोपीतली, लग्नसराईत डझनावारी खपणारी. ‘काळी, फेल्टची, जुनी’ असं तीनदा सांगावं लागतं, आणि मग दुकानदार तुमच्याकडे जरा निरखून बघतो. गेल्या नोव्हेंबरात मी चार दिवस हेच करत फिरलो. मोठी बहीण जळगावला असते, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता. टोपी घालण्यावरचा विनोद मेहुण्यांनी पहिल्याच संध्याकाळी करून टाकला, तेव्हा तो इथे पुन्हा नको.

जाताना पिशवीत काय न्यावं ते आधी सांगतो, कारण मी अर्धं विसरलो होतो. शिंप्याची टेप, मऊ केसांचा ब्रश, छोटी बॅटरी, भिंग, रबरी हातमोजे आणि तोंड बांधता येतील अशा मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. हातमोजे कशाला ते पुढे येईलच. पिशव्या कसरीसाठी. फेल्ट म्हणजे दाबून घट्ट केलेले केस नाहीतर लोकर, आणि कसरीचं ते आवडतं खाणं. एक कसर लागलेली टोपी सुटकेसमध्ये तशीच टाकलीत तर बायकोची शाल गेली म्हणून समजा. टोपी घेण्याआधी आतून बॅटरी लावून बाहेरून बघायचं. चाळणीसारखे उजेडाचे ठिपके दिसले की हसून परत द्यायची. घरी आणल्यावर पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये. बर्फाच्या ट्रेशेजारी टोपी ठेवायला घरातून परवानगी मिळवणं तुमचं तुम्ही बघा.

सुरुवात भुसावळहून केली. कारण सरळ आहे: हॅट घालणारे लोक जिथे होते तिथे हॅट सापडते. जीआयपी म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं हे मोठं जंक्शन, त्यामुळे साहेब, गार्ड, ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन कुटुंबं, सगळ्यांची वस्ती इथे झाली. त्यांच्या घरातल्या पेट्या रिकाम्या होतात तेव्हा माल जुन्या बाजारात येतो. मला एका भंगारवाल्याकडे पितळी कंदिलांच्या ढिगाखाली राखाडी रंगाची फेल्ट हॅट मिळाली, चेपलेली, पण भोक एकही नाही. साडेतीनशेला दिली. त्याच्याकडे खाकी सोला हॅटही दोन होत्या. नव्यांनी इथे फसू नये: सोला हॅट फेल्टची नसते. ती पाण्यात वाढणाऱ्या सोला नावाच्या झाडाच्या पांढऱ्या, भुसभुशीत गाभ्याची असते आणि वरून कापड चढवलेलं असतं. हातात घेतली तर रिकाम्या खोक्यासारखी हलकी लागते. तिला वाफ दाखवायची नाही, पाणी लावायचं नाही, दाबून आकार द्यायचा नाही. घेतलीत तर आहे तशी भिंतीवर टांगा.

राखाडी हॅटकडे वळतो. कुठलीही हॅट हातात आली की पहिल्यांदा आत बघायचं, बाहेरचं रूप नंतर. आतून कपाळाला लागणारी चामड्याची पट्टी असते. तिच्या मागच्या बाजूला बारीकसा बो असतो, म्हणजे पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते कळतं. बाहेरच्या रिबिनीचा बो पुरुषांच्या हॅटला डाव्या अंगाला येतो. पट्टी हळूच बाहेर उलटवायची. जुन्या हॅटमध्ये तिच्या मागे मापाची कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते. माझ्या हॅटीत ६ ७/८ होतं. इंग्लिश मापात हे ५६ सेंटिमीटर, पण अमेरिकन मापात त्याच डोक्याला ७ नंबर लागतो, तेव्हा नुसत्या आकड्यावर विसंबू नका, टेप लावा. आपल्याकडच्या टोप्या इंचात मोजतात. २२ इंच म्हणजे तेच ५६ सेंटिमीटर.

चिठ्ठीच्या शेजारी मला खरी मौज सापडली. हॅट सैल होत असणार, म्हणून कुणीतरी वर्तमानपत्राची पट्टी चार घड्या घालून पट्टीमागे सारली होती. कागद तपकिरी झालेला, घडीवर भुगा होत होता. मी तो चहाच्या बशीवर ठेवून चमच्याच्या दांड्याने उलगडला. बाजारभावाचा रकाना निघाला: सरकी, भुईमूग, आणि भाव मणाला रुपये-आण्यांत. तारीख फाटून गेलेली. पण आणे म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या आधीचं किंवा फार तर त्याच्या आगेमागेचं, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. एवढं मात्र ध्यानात ठेवा की कागद हॅटीचं वय सांगत नाही. हॅट निदान इतकी तरी जुनी आहे, एवढंच सांगतो.

आणि त्याच रात्री मी तिची वाट लावली. भुसावळच्या लॉजमध्ये पाणी गरम करायची किटली होती. चेपलेला भाग वाफेवर धरला, फेल्ट लोण्यासारखा मऊ झाला, मी खूश. पट्टी आतच होती. जुनं, कोरडं चामडं गरम वाफेने आक्रसतं हे मला वाचून माहीत होतं; पण वाचलेलं त्या घटकेला आठवेल तर ना. पाच मिनिटांत पट्टीचा भाजलेला पापड झाला. वर ती आक्रसली तशी हॅटही ओढली गेली आणि ५६ ची ५४ झाली. चिठ्ठी आणि वर्तमानपत्र तेवढं आधी बाजूला काढलं होतं, नाहीतर तेही गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी जळगावात बहिणीच्या ओळखीने एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. घराणं पगडबंदांचं, आता चाचा लग्नाचे फेटे बांधून देतात आणि कुणी आणलीच तर टोपी बसवून देतात. त्यांनी हॅट हातात घेतली, पट्टीवर अंगठा फिरवला आणि विचारलं, “स्वयंपाक करत होतात का?” मी गप्प.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जळकी पट्टी त्यांनी ब्लेडने टाका टाका उसवून काढली. अरुंद तोंडाच्या भांड्यात पाणी उकळत ठेवलं. हॅट वाफेवर धरून सतत फिरवत राहिले, एका जागी दोन-तीन श्वासांपेक्षा जास्त नाही. मग लाकडी कलबूत, म्हणजे डोक्याच्या आकाराचा ठोकळा, उपडं ठेवून त्यावर हॅट खाली खेचली, दोन्ही तळव्यांनी, कणीक थापताना हात फिरतो तसा. बुडाशी सुतळी बांधली आणि ती बोटांनी थोडी थोडी खाली सरकवत नेली, की काठ आणि डोकं यांच्यामधली रेघ कोरल्यासारखी उठली. काठावर ओलसर सुती कापड ठेवून इस्त्री दाबली. सरकवली नाही, उचलून उचलून दाबली. “आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही,” म्हणाले. पूर्ण थंड आणि कोरडी होण्याआधी कलबुतावरून काढली तर ती मूळ पदावर येते. वरचा खळगा आणि पुढच्या दोन चिमट्या त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडी वाफ देऊन नुसत्या हाताने घातल्या. नवी पट्टी मेंढीच्या पातळ चामड्याची लावली. मजुरी साडेसहाशे, म्हणजे हॅटीच्या जवळपास दुप्पट, आणि ती वसूल झाली.

काळ्या टोपीला त्यांच्याकडे वेगळं कलबूत आहे, लांबट, दोन फाळक्यांचं. मध्ये लाकडी पाचर ठोकली की टोपी ताणते. टोपी लुळी पडली असेल तर स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाख), अगदी पातळ, आतल्या बाजूने कुंचल्याने लावतात. जाड लावला तर टोपी नारळाच्या करवंटीसारखी वाजते. काळा रंग उन्हाने तांबूस झाला असेल तर तो तसाच राहू द्यावा असं त्यांचं मत, आणि माझंही. गरम रंगात बुडवली तर लोकरीचा फेल्ट आक्रसतो. बुटाचं पॉलिश लावायचा सल्ला मला दोन ठिकाणी मिळाला. जळगावच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, ते पॉलिश कुठून कुठे वाहत येईल याचा विचार करा.

तेलकट डागांचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे, कारण टोपीखाली खोबरेल असायचंच. फिकट रंगाच्या फेल्टवर कोरडी मुलतानी माती पसरून रात्रभर ठेवायची आणि सकाळी ब्रशने झाडायची. दोन-तीन खेपांत फरक दिसतो. काळ्या टोपीवर हे करू नका, पांढुरकी धूळ महिनाभर निघत राहते. वरवरच्या मळाला शिळ्या पावाचा गर चोळला तरी चालतो. ब्रश नेहमी केसांच्या लवेच्या दिशेने. आणि भरीत-भाकरीला बसताना टोपी दुसऱ्या खोलीत ठेवा. हे उगाच सांगत नाही.

हातमोज्यांचं आता. हॅटीसाठी सशाच्या केसांचा उंची फेल्ट करताना पूर्वी केसांना पाऱ्याचं क्षार लावत. अमेरिकेत ही पद्धत १९४१ च्या डिसेंबरात बंद झाली. तेव्हा जुन्या, तलम, केसाळ फेल्टमध्ये पारा राहिलेला असू शकतो. वाफ द्यायची ती उघड्यावर, हातमोजे घालून, आणि जवळ खाणंपिणं नाही. लॉजची बंद खोली ही दोन्ही अर्थांनी चूक होती. मेंढीच्या लोकरीचा फेल्ट हाताला जाडसर, किंचित खरखरीत लागतो. सशाचा पातळ असूनही दाबला की उसळून येतो. दोन-चार हाताळल्या की बोटांना कळायला लागतं.

आता वय ओळखण्याकडे येतो. या फेरीत मला जे कळलं ते हेच: विलायती हॅटीचं वय पट्टीवर आणि काठावर शोधतात, खानदेशातल्या टोपीचं वय अस्तरावरच्या पत्त्यात असतं. रुंद काठ आणि उंच डोकं म्हणजे तिसाव्या-चाळिसाव्या दशकातली, दोन इंचांहून अरुंद काठ म्हणजे बहुधा साठीच्या दशकातली, हे ढोबळ गणित फेडोरा जातीच्या, म्हणजे वर खळगा आणि पुढे चिमट्या असलेल्या हॅटला चालतं. काळ्या टोपीचा घाट मात्र इतकी वर्षं तोच राहिला, की घाटावरून काहीच सांगता येत नाही. अंगावर कुठे शिवण नसेल तर साच्यातला फेल्ट, शिवण असेल तर कापड किंवा मखमल, एवढंच कळतं.

पण दुकानदार अस्तरावर आपला छाप मारायचे, आणि त्या छापात सगळं असतं. अमळनेरला एका जुन्या पेढीच्या माळ्यावर मला सात टोप्या एकदम बघायला मिळाल्या. एकीवर ‘जि. पू. खा.’ म्हणजे पूर्व खानदेश. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि महाराष्ट्र झाल्यावर त्यांना जळगाव, धुळे ही नावं आली. म्हणजे टोपी या दोन टोकांच्या मधली. दुसरीवर ‘आमचे येथें सर्व प्रकारच्या टोप्या मिळतील’ असा छाप. त्या ‘येथें’वरचा अनुस्वार सोनं आहे, कारण १९६२ च्या नव्या शुद्धलेखनानंतर असले अनुस्वार हळूहळू गेले. ‘जळगांव’वरच्या अनुस्वारावर मात्र जाऊ नका, तो आजही पाट्यांवर सुखाने नांदतो आहे. किंमत आण्यांत असेल तर काय ते वर आलंच, ‘न. पै.’ असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १९७२ च्या १५ ऑगस्टनंतरची. रेल्वेच्या टोपीवर जीआयपीचा बिल्ला असेल तर तो मध्य रेल्वे झाली त्या नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा, फक्त बिल्ला नंतर टाचलेला नाही ना हे टाक्यांवरून बघून घ्या. माझ्या हातात आला त्याचा दोरा पॉलिएस्टरचा, चकचकीत होता. विकणाऱ्याने ‘आजोबांचा’ म्हणून शपथ घेतली. मी ठेवून आलो.

सातांपैकी दोन घेतल्या, दोनशे-दोनशेला. पेढीवाल्या काकांना पैसे घ्यायचाच संकोच होत होता. एक सूचना: घरोघरी विचारायला जाणार असाल तर ‘विकायची आहे का’ने सुरुवात करू नका. टोपी बहुधा वडिलांची असते. आधी बसा, चहा घ्या, ‘बघायला मिळेल का’ म्हणा. फोटो काढू देतात, छाप वाचू देतात, आणि निम्मं काम तेवढ्यावर होतं.

फिरायला सुरत-भुसावळ रेल्वे सोयीची. भुसावळ, जळगाव, अमळनेर एकाच रुळावर येतात. अमळनेरहून धुळ्याला एसटीने तासाभराचं अंतर. टोप्या एकात एक घालून नेऊ नका. प्रत्येकीत चुरगाळलेला कागद भरा, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. हॅट काठावर टेकवून ठेवायची नाही, डोक्यावर उपडी ठेवायची. गाडीच्या काचेमागे उन्हात तर मुळीच नाही. माझ्या नव्या पट्टीवर धुळ्यात तासाभरातच सुरकुती आली.

धुळ्यात आग्रा रोडवरची दुकानं पालथी घातली, हाती काही लागलं नाही. शेवटी एका गल्लीत ओट्यावर बसलेल्या आजोबांनी आत जाऊन पत्र्याचा डबा आणला. कडुनिंबाचा वाळका पाला, त्यात मलमलीचं फडकं, आणि फडक्यात काळी टोपी. कड जरा तांबूस, बाकी काल घेतल्यासारखी. अस्तरावर सोनेरी छाप: ‘धुळें (प. खा.)’. मी भिंग काढलं तशी त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि आधीच बजावलं, “मना बापनी टोपी शे, इकानी नही.” मी म्हटलं, नाही मागत, फक्त वाचतो. फोटो घेतला, माप घेतलं, २१ इंच. त्यांनी टोपी पुन्हा फडक्यात गुंडाळली, वर पाला नीट पसरला, झाकण दाबलं. मी विचारलं, कधी घालता की नाही?

“आखाजीले या,” म्हणाले, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, “तव्हय मना डोकावर दिसी.”