हद्दीच्या दोन्ही बाजूंना

घोडबंदर रोडच्या मागे डोंगर चढायला लागतो, तिथल्या एका खासगी जमिनीचा टोपो सर्व्हे, म्हणजे जमिनीवरचे चढउतार, झाडं, खांब सगळं मोजून नकाशा करायचं काम, आमच्याकडे होतं. वरच्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. अशा कामात सगळ्यात जास्त वेळ झाडं खातात. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून प्रत्येक झाडाचा नंबर, जात आणि बुंध्याचा घेर लिहावा लागतो.

झाडं घेता घेता करवंदीच्या जाळीत दगडांचे लांबट ढीग दिसले. बिल्डरचा माणूस म्हणाला, "शेतातले वेचलेले दगड असतील, सोडा ते." शेतातले दगड बांधावर जातात. माणसाच्या लांबीचे, एकाच दिशेला रचलेले नसतात.

खालच्या कातकरी पाड्यावरची एक आजी वर आली. तिने एकेक ढीग दाखवला. "हा माझा मालक. त्याच्या शेजारी सासू. ती बारकी, ती माझी पोर." त्या बारक्या ढिगावर हिरव्या बांगडीचे तुकडे होते आणि कान तुटलेला एक कप.

आम्ही टोटल स्टेशनने, म्हणजे मोजणीच्या यंत्राने, प्रत्येक ढिगाचे दोन पॉइंट घेतले, डोक्याकडचा आणि पायाकडचा. नकाशावर काय काय दाखवायचं, त्या आमच्या कोडांच्या यादीत विहीर आहे, विजेचा खांब आहे, गटाराचं झाकण आहे. थडगं नाही. मी नवा कोड टाकला, नकाशात त्यांचा वेगळा लेयर, म्हणजे थर, केला. एकूण 23 थडगी.

संध्याकाळी सरकारी मोजणीच्या नकाशावरची, 'क' प्रतीवरची, हद्द त्यावर बसवली, तर रेषा बरोबर मधून गेली. 9 जंगलात, 14 खासगी जमिनीत. नवरा-सासू जंगलात, पोर बिल्डरकडे.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. जंगलात राहणाऱ्यांना वनजमिनीवर हक्काचा दावा करता येतो, तो वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे. त्यातल्या तेराव्या नियमात दाव्याचा पुरावा म्हणून जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं स्पष्ट लिहिली आहेत. म्हणजे वरची नऊ थडगी पाड्याची वहिवाट सिद्ध करायला उपयोगी. पण तो कायदा वनजमिनीपुरता. रेषेच्या खाली आलं की सातबारा, आणि त्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात काहीच नाही. असणार कसं? अक्षरओळख नसलेल्या माणसांनी आपली माणसं कुठे पुरली, ते विचारायला तलाठी कधी या जाळीत शिरला होता?

दफनाच्या जागेची विटंबना हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली गुन्हा आहे. पण तिथे हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. जेसीबी फिरल्यावर "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणणं फार सोपं असतं. म्हणून त्या लेयरला मी इतका जपतो. नकाशावर थडगं आलं, त्यावर सही झाली आणि नकाशा पोचल्याची सही मिळाली, की ती पळवाट बंद.

आर्किटेक्टच्या ऑफिसातून फोन आला, "तेवढा लेयर ऑफ करून पाठवा." मी तो ठेवून, सही-शिक्क्यासह पाठवला. सोबत एक स्केच जोडलं. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के मोकळी जागा ठेवावीच लागते. ती पूर्वेच्या कोपऱ्यात सरकवली, तर चौदाही थडगी तिच्यात बसतात, बांधकामाचा एक फूटही कमी होत नाही. उत्तर आलं, "ग्राहकांना काय सांगायचं?" शिकलेल्या माणसांकडून मला याहून बरी अपेक्षा होती. ज्यांच्या घराखालून हे डोंगर गेले, त्यांना कोणी कधी काही सांगितलं होतं?

वनहक्काच्या दाव्यासाठी पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब आता लिहून घेतले जात आहेत. नियमात तोही पुरावा धरला आहे. मी माझ्या वहीतलं हाताने काढलेलं स्केच पाड्यातल्या लोकांना दिलं. पैसे बिल्डरने मोजले, मग मोजमाप कोणाचं, असं एका सहकाऱ्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे. ड्रॉइंग बिल्डरचं आहे, मान्य. पण ती जागा मला आजीने दाखवली होती.

सुधारित लेआउट अजून यायचा आहे. आला की आधी पूर्वेचा कोपरा बघणार. तिथे रस्ता किंवा पार्किंग दाखवलं असेल, तर महापालिकेत लेखी हरकत माझ्या नावाने जाईल. काम गेलं तर जाऊ दे.