उवा मरतात, लिखा राहतात

औषध लावलं, डोकं धुतलं, मेलेल्या उवा पडल्या. दहा-बारा दिवसांनी पोर पुन्हा डोकं खाजवायला लागलं, की शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलीवर खापर फुटतं. अनेकदा उवा बाहेरून आलेल्याच नसतात. त्या त्याच डोक्यातल्या लिखांमधून निघालेल्या असतात.

उवेची मादी रोज आठापर्यंत अंडी घालते आणि प्रत्येक अंडं केसाच्या मुळाजवळ, अर्ध्या सेंटिमीटरच्या आत, घट्ट चिकटवते. पिल्लू बाहेर यायला 7 ते 10 दिवस लागतात, आणि ते स्वतः अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी 9 ते 12 दिवस. 1 टक्का पर्मेथ्रिनसारखं नेहमीचं औषध हिंडत्या उवा मारतं, पण सगळ्या लिखा मरत नाहीत. म्हणून नवव्या दिवशी दुसरा हात मारायचा. तोवर उरलेल्या बहुतेक लिखा फुटलेल्या असतात आणि पिल्लं अजून अंडी घालायच्या वयाची नसतात. हा दुसरा हात चुकला, की सगळं पहिल्यापासून.

पर्मेथ्रिन लावण्याआधी केस साध्या शाम्पूने धुवून टॉवेलने टिपून घ्या. कंडिशनर लावू नका, त्याच्या थरामुळे औषध केसाला नीट लागत नाही. मुळांपर्यंत, विशेषतः कानामागे आणि मानेवर, औषध भिजेपर्यंत लावा आणि 10 मिनिटांनी धुवा. पुढचे एक-दोन दिवस शाम्पू नको. 8 ते 12 तासांनी उवा रेंगाळताना दिसल्या तर फणीने काढा. पहिल्यासारख्याच चपळ दिसल्या तर त्या औषधाला दाद देत नाहीत. अशा वेळी तेच औषध दामदुप्पट लावण्यात अर्थ नाही, डॉक्टरांना विचारून औषध बदला. डायमेथिकोन हा वेगळ्या पद्धतीने काम करणारा पर्याय आहे, ते उवेला वरून वेढून मारतं. ते लावलेलं असताना मात्र विस्तवाजवळ जाऊ नका, केस पेट घेऊ शकतात. रॉकेल आणि झुरळांचा फवारा डोक्याला लावणं तर सरळ जिवाशी खेळ आहे.

माझा खरा भरवसा फणीवर. ओल्या केसांना सढळ हाताने कंडिशनर लावा, साध्या कंगव्याने गुंता सोडवा, मग बारीक दातांची धातूची फणी घ्या. एकेक बारीक बट धरायची, फणी डोक्याला टेकवायची आणि टोकापर्यंत एका दमात ओढायची. दर वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसून बघा. जिवंत ऊ तिळाएवढी, करडी-तपकिरी आणि चालती असते. पिल्लं त्याहून बरीच लहान, म्हणून उजेड भरपूर हवा. औषध नको असेल तर पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी हेच करा. एखादाही दिवस गाळू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला औषध लावायचं नाही, उवा हाताने किंवा फणीनेच काढायच्या.

कोंडा झटकला की पडतो, लीख नखाने ओढावी लागते. मुळापासून सेंटिमीटरभर वर सरकलेली लीख बहुधा रिकामं टरफल असते, कारण केस महिन्याला साधारण तेवढाच वाढतो. तेवढ्यावरून पुन्हा औषध लावू नका.

घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, मोठ्यांचीसुद्धा. खाज नाही म्हणजे उवा नाहीत असं नसतं. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात. औषध मात्र जिवंत ऊ सापडेल त्यालाच.

घर धुऊन काढायची गरज नाही. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते, आणि डोक्याबाहेर एक-दोन दिवसांत मरते. गेल्या दोन दिवसांतले उशांचे अभ्रे, टोप्या आणि टॉवेल गरम पाण्यात धुवा, कंगवे 10 मिनिटं कडक पाण्यात ठेवा. तेवढं पुरे.

खाजवून जखमा झाल्या, पू आला किंवा कानामागे गाठी आल्या तर डॉक्टरांना दाखवा, तिथे जंतुसंसर्गाचे उपचार वेगळे लागतात.