एका ओळीतलं गाव

जनगणनेच्या पुस्तिकेत प्रत्येक गावाच्या वाट्याला एकच ओळ येते. घरं किती, माणसं किती, पुरुष, बाया, सहा वर्षांपर्यंतची पोरं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, काम करणारे, न करणारे. संपलं गाव. 2011 साली देशभरात अशा 6 लाख 40 हजारांवर ओळी होत्या. मला त्या वाचायचा नाद आहे. घरच्यांच्या मते हे रिकामपणाचं लक्षण, आणि त्यात तथ्य आहे.

कोकणाचं पान घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात दर 1000 पुरुषांमागे 1122 बाया, सिंधुदुर्गात 1036. राज्याचा आकडा 929. नुसते आकडे पाहणाऱ्याला वाटेल, काय हो मुलींचं कौतुक या मुलखात! कौतुक असेलही, पण बाप्ये गेले कुठे? तर मुंबईचं पान उघडायचं. तिथे शहरात 1000 पुरुषांमागे 832 बाया, उपनगरात 860. पिढ्यान्‌पिढ्या चाकरमानी तिकडे आणि घर, आंबा, म्हातारी इकडे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. हीच मोजणी गणपतीत घेतली असती, तर आकडे पार फिरले असते.

वयाचा तक्ता वेगळा असतो, आणि त्यात तर गंमतच. साठ आणि पासष्टची माणसं भरपूर, एकसष्ट आणि चौसष्टची त्या मानाने थोडी. कोयनेकडच्या एखाद्या ओट्यावर काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. मोजणीला आलेले गुरुजी विचारतात, "आजी, वय किती?"

"मला काय ठावं? भूकंपाच्या साली लगीन झालं. तवा पंधरा-सोळाची आसंन."

गुरुजी 1967 धरून बोटांवर हिशेब करायला लागतात, तोवर आजीच कंटाळते. "लिव्हा की साठ!"

त्याच ओट्यावर सुनेचा कामाचा रकाना भरला जातो. ती गोठ्यात धार काढतेय, तिथून उठून खुरपायला जायचीय. पण उत्तर नवरा देतो, "काही नाही करत, घरीच असते." आणि ती बिनकामाच्यांत जमा. मला या पुस्तिकेत सगळ्यात जास्त खटकतो तो हा रकाना.

बीडचं पान मात्र हसू देत नाही. सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 807 मुली. इथे कुणी मुंबईला गेलेलं नाही. एवढीशी पोर नोकरीला कुठे जाणार? सोनोग्राफीच्या बंद खोलीतला हिशेब या रकान्यात उमटलाय.

याच जिल्ह्यातली माणसं दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रॅक्टर जोडून ऊसतोडीला निघतात, ती परततात उन्हाळ्यात. 2011 ची मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीला, म्हणजे ऐन गळिताच्या हंगामात. या दिवसांत घराकडे फिरकलाच नाही, तो जिथे असेल तिथे मोजायचा, असा नियम. म्हणजे दाराला कुलूप, आणि माणूस दुसऱ्याच जिल्ह्यात, साखर कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत मोजायचा. तेही कुणी त्या कोपीपर्यंत पोचलं तर.

2021 ची जनगणना लांबत लांबत आता 2027 वर आली आहे. या वेळी सगळ्यांचीच जात विचारणार आहेत, माहिती मोबाइलवर भरणार आहेत. संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, ठरली आहे 1 मार्च. कारखान्यांची धुराडी तेव्हाही पेटलेलीच असणार.