तिथीची पाऊणपट आणि ठाणे खाडीतले रोहित

आमच्या आईला भरतीची वेळ बघायला मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, झालं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. कोकणातल्या खाडीकाठी वाढलेल्या कुणालाही हा हिशेब माहीत असतो. फेब्रुवारीतल्या संकष्टीच्या रविवारी आई, पुतणी आणि मी ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोटीने निघालो, तेव्हा सगळा दिवस याच हिशेबावर बेतला होता. ज्यांना जायचं आहे त्यांना माझं पहिलं सांगणं हेच: आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका.

कारण असं. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित किंवा अग्निपंख, उघड्या चिखलावर आणि उथळ पाण्यात चरतात. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी खाडी सोडून दुसरीकडे जाऊन उभे राहतात. पूर्ण ओहोटीला पक्षी भरपूर असतात, पण बोटच रुतते. मधली वेळ साधावी लागते. त्यातही मला चढतं पाणी जास्त आवडतं. पाणी वाढतं तसा चिखलाचा पट्टा आक्रसतो, पक्षी एकमेकांजवळ येतात आणि बोटीलाही अडकायची धास्ती नसते. आमची बोट अकराची होती, म्हणजे ओहोटीनंतर दोन तासांनी.

जागा ऐरोलीतलं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र, वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं. ठाणे-वाशी मार्गावरच्या ऐरोली स्थानकावर उतरून रिक्षा करायची. केंद्र सोमवारी बंद असतं. बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, त्यामुळे आधी आरक्षण करा आणि आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करा. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. न विचारता थेट गेलेलं एक कुटुंब आमच्यासमोर परत गेलं, लहान मुलं हिरमुसली होती.

आम्ही मुद्दाम नऊलाच पोचलो. ओहोटी होती, म्हणून कांदळवनातला चिखल पूर्ण उघडा होता. दोन तास इथे सहज जातात. आधी सगळं निश्चल वाटतं. दोन मिनिटं गप्प उभं राहिलं की चिखल हलायला लागतो. निवट्या मासे कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत सरपटतात, मध्येच टुणकन उडी मारतात. एकच नांगी भलीमोठी असलेले इवले खेकडे ती नांगी वर-खाली हलवत मादीला बोलावत असतात. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. भरतीच्या चिखलात हवा मिळत नाही, म्हणून झाडानं काढलेली ही वाट. पुतणीला तिवराच्या पानाला जीभ लावून बघायला सांगितलं. शोषलेलं जादा मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. तिचं तोंड खारट झालं आणि मग ती प्रत्येक झाडाशी थांबायला लागली. काठालगत एक काळ्या डोक्याचा खंड्या होता, जांभळट निळी पाठ, लाल चोच. तो उडेपर्यंत आई जागची हलली नाही.

बोटीत बसताना लाइफ जॅकेट घालायला लागतं आणि ते शेवटपर्यंत काढायचं नाही. चिंचोळ्या फाट्यातून दोन्ही बाजूंना कांदळ बघत बोट मुख्य खाडीत येते, आणि एकदम आभाळ मोठं होतं. पलीकडे मुंबईच्या इमारती, मध्ये विजेच्या तारा, आणि त्या सगळ्याच्या पायथ्याशी एक लांब गुलाबी रेघ. आईला आधी वाटलं, कुणी कापड वाळत घातलंय.

जवळ गेल्यावर रेघेचे पक्षी झाले. दोन जाती ओळखायला शिका, मग बघण्यात खरी गोडी येते. मोठा रोहित उंच, अंगानं पांढरट, चोच फिकी गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा रोहित बुटका, रंगानं जास्त गडद, आणि त्याची चोच इतकी गडद तांबडी की लांबून काळीच वाटते. ठाणे खाडीत छोटेच जास्त. दोघंही मान खाली घालून चोच उलटी धरतात आणि पाणी गाळतात. छोट्याची गाळणी बारीक, तो सूक्ष्म शैवाल खातो. मोठा कोळंबीसारखे बारीक जीव आणि किडे गाळतो. गुलाबी रंग त्या अन्नातूनच येतो, म्हणून करड्या रंगाचे दिसतात ते यंदा-गेल्या वर्षीचे पोरगे.

इथे येणाऱ्या रोहितांची संख्या चांगल्या वर्षी लाखावर जाते. त्यांची घरटी कच्छच्या रणात, इथे ते चरायला येतात. साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात, मेअखेर पांगतात. जानेवारी ते एप्रिल हा उत्तम काळ, पण एप्रिलमध्ये अकराच्या बोटीला जाऊ नका, ऊन सोसवत नाही. 2015 साली हा भाग अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत आला.

रोहितांच्या पलीकडेही बघा. त्यांच्या पायाशी तुतारी आणि मळगुजे हे चिखलपक्षी शेकड्यांनी चिखलात चोची खुपसत होते. उचाटे होते, वर वळलेल्या चोचीचे. तपकिरी डोक्याचे कुरव, म्हणजे सीगल, बोटीमागे येत होते. त्यांना काहीही खायला टाकू नका.

आता मनापासून सांगायची गोष्ट. आमच्या बोटीत एकानं चालवणाऱ्या दादांना म्हटलं, ‘‘जरा जवळून इंजिन जोरात करा ना, उडतानाचा फोटो पाहिजे.’’ दादा म्हणाले, ‘‘पाणी भरेपर्यंतच त्यांचं जेवण असतं साहेब. ताटावरून उठवू नका.’’ मला हे फार पटलं. दिवसातले काही तासच चिखल उघडा असतो. उधळलेला थवा उडण्यात ताकद घालवतो, तेवढं चरणं बुडतं, आणि जवळच विजेच्या तारा असतात. पुढच्या काही महिन्यांत याच पक्ष्यांना गुजरातचा पल्ला गाठायचा असतो. दादांनी बोट लांबच थांबवली, इंजिन बंद केलं. तेव्हा कुठे आम्हाला त्यांचा आवाज ऐकू आला, बदकांच्या कळपासारखा अखंड गलबला. वीसेक मिनिटांनी पाणी त्यांच्या पोटापर्यंत चढलं आणि थवा आपणहून उठला. पंखांखालचा तांबडा आणि काळा रंग एकाच वेळी उघडला. बोटीत कुणी बोललं नाही. फोटो हवा असलेल्या त्या गृहस्थांचा कॅमेरा मांडीवरच राहिला.

सामानाबद्दल. दुर्बीण हवीच, 8×42 पुरेशी. मोबाईलच्या फोटोत गुलाबी ठिपकेच येतात, त्याच्या नादी लागू नका. छायाचित्रकारांनी 300 मिमीपेक्षा कमी लेन्स नेऊ नये. कपडे मळखाऊ रंगाचे, टोपी, आणि पाणी स्टीलच्या बाटलीतून. फेरी लांब असते आणि बोटीत सोय नसते, तेव्हा स्वच्छतागृहात आधीच जाऊन या, विशेषतः वयस्कर माणसं बरोबर असतील तर. खाडीला वास येतो, तिवराच्या मुळांत प्लॅस्टिक अडकलेलं दिसतं. मुलांपासून ते लपवू नका. पुतणीनं विचारलं, एवढ्या घाणीत ते कसे राहतात? शहराच्या सांडपाण्यानं शैवाल माजतं आणि म्हणून ते इथे टिकतात असं काही अभ्यासक मानतात, हे सांगताना मला अवघड झालं, पण सांगितलं.

बहुतेक लोक इथून घरी जातात. जाऊ नका. भरतीला पक्षी जातात कुठे, तेही बघा. ऐरोलीहून पनवेल गाडी पकडून आम्ही सीवूड्स-दारावेला उतरलो. आईनं डब्यातली उपासाची बटाट्याची भाजी गाडीतच खाल्ली. स्थानकाहून रिक्षानं नेरूळच्या पाणथळीकडे. तीन वाजले होते, बरोबर पूर्ण भरती, आणि सकाळी खाडीत पाहिलेल्यांसारखेच रोहित उथळ तळ्यात एका पायावर उभे होते. माना पंखांत, बहुतेक झोपलेले. इथे तिकीट नाही, बोट नाही, काठावर उभं राहून ते बोटीतल्यापेक्षा जवळून दिसतात. ही तळी बुजली किंवा त्यांचं खाडीशी येणारं-जाणारं पाणी तुटलं तर भरतीचे ते तास त्यांनी काढायचे कुठे? अभयारण्याची हद्द खाडीत संपते, पक्ष्यांचा दिवस तिथे संपत नाही. नवी मुंबईतल्या लोकांनी या तळ्यांसाठी मानवी साखळ्या का केल्या, ते इथे उभं राहिलं की कळतं.

पाचनंतर ओहोटीनं चिखल उघडा पडायला लागला तसे ते दहा-वीसच्या तुकड्यांनी खाडीकडे निघाले. आईनं बोटं मोजली आणि म्हणाली, ‘‘पुढच्या चतुर्थीला पण हीच वेळ असणार बघ.’’ पुतणीनं तिथेच उभ्या उभ्या पाऊणकीचा पाढा म्हणून घेतला. चंद्रोदयाला अवकाश होता, म्हणून आम्ही शेवटची तुकडी जाईपर्यंत थांबलो.