बसमधून तेरा जण उतरले

११ ऑगस्ट, सोमवार

दिवसभर पाऊस. डिचोलीचा बाजार सुनसान, दुकानात गिऱ्हाईक नाही. घरी आले तर चिरंजीव गणिताच्या चाचणीचा पेपर सहीसाठी पुढे करून उभे. वीसपैकी तेरा. तेरा काही वाईट नाहीत. पण एका गणितावरची लाल फुली बघून मी तिथेच ओल्या छत्रीसकट खुर्चीत बसले.

२० − ८ + ५ = ७

उत्तर हवं सतरा. ही चूक माझ्या ओळखीची. आकडे वेगळे होते एवढंच, पाचवीत मी हीच केली होती. नियम पाळून केली होती, म्हणून अजून आठवते.

चौथीपर्यंत मी वाड्यावरच्या सरकारी मराठी शाळेत. तिथे बाईंनी आमच्याकडून एक शब्द घोकून घेतला होता: कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. गणितात आधी काय करायचं, त्याचा क्रम. अर्थ नंतर कळला. सुरुवातीला बरेच दिवस मला ते पेडण्याच्या पलीकडच्या कुठल्यातरी गावाचं नाव वाटायचं. मग पाचवीला हायस्कूल, आणि गोव्यातल्या आमच्या पिढीचं व्हायचं तेच माझंही झालं. मे महिन्यापर्यंत सगळं मराठीत, जूनमध्ये सगळं इंग्रजीत. बेरजेची ॲडिशन झाली, वजाबाकीची सबट्रॅक्शन, भागाकाराची डिव्हिजन. कंचेभागुबेव गेलं आणि बोडमास आलं. त्या अनोळखी वर्गात मला तेवढाच एक ओळखीचा चेहरा भेटला. कंस तो ब्रॅकेट, चे ते ऑफ, पुढचंही ओळीने जुळत गेलं. दोन्ही शाळा एकच सांगताहेत म्हटल्यावर शंका कशाची घ्यायची?

तर १० − ४ + ३. बेरीज आधी, वजाबाकी नंतर. चार आणि तीन सात, दहातून सात गेले, राहिले तीन. फुली. आणि बाजूला लाल शाईत ‘लर्न बोडमास’. अहो, बोडमासच केलं होतं मी! पण इंग्रजीत भांडण्याइतकं इंग्रजी तेव्हा येत नव्हतं. घरी येऊन बोडमास आणखी दहा वेळा लिहून काढलं. चूक कुठे झाली ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आणि आज माझा मुलगा मला तोंडावर सांगतो, “आई, ए आधी येतो, एस नंतर.”

सही केली. म्हटलं, उद्या बघू.

१२ ऑगस्ट, मंगळवार

“वाळपईची कदंब बस,” मी म्हटलं. “डिचोलीहून निघाली तेव्हा आत वीस जण. साखळीला आठ उतरले, पाच चढले. आता किती?”

“सतरा.” डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही.

“मग पेपरात सात कसे?”

गप्प. मी वहीत त्याचंच गणित पुन्हा लिहिलं आणि आठ व पाचभोवती गोल काढला. “हे बघ तू काय केलंस. उतरणारे आठ आणि चढणारे पाच एकत्र केलेस, आणि तेराच्या तेरा जणांना भर पावसात खाली उतरवलंस.”

तो हसता हसता पाटावरून कलंडला. “पाच जण तर चढायला आले होते गो!”

हो ना. त्यांच्या कपाळावर अधिकचं चिन्ह होतं, ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही, त्याने परवा आणि मी पाचवीत. चिन्ह हे त्याच्या पुढच्या आकड्याचं असतं. आठच्या आधीचं वजा आठचं, ते पाचला जाऊन चिकटत नाही. एवढं सांभाळलं की बेरीज आधी केली तरी काही बिघडत नाही: २० + ५ − ८, तेच सतरा. चौथीच्या बाईंना बहुधा हेच म्हणायचं असणार. आधी अधिकवाले सगळे गोळा करा, मग वजावाले काढा. शब्द खराच होता, माझ्यापर्यंत अर्धा पोचला.

आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असेन. कंचेभागुबेव हा सहा पायऱ्यांचा जिना नाही. भागाकार आणि गुणाकार एकाच पायरीवर उभे असतात, बेरीज आणि वजाबाकी त्यांच्या खालच्या पायरीवर, दोघी शेजारी शेजारी. एका पायरीवरच्यांत डावीकडून जो आधी भेटेल तो आधी. शब्द तोंडात बसायचा तर कुणाला तरी पुढे ठेवावं लागतंच, एवढंच. अमेरिकेत मुलांना शिकवतात त्या शब्दात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो: पेमडास. अक्षरांचा क्रमच खरा धरला तर २४ ÷ ४ × २ चं उत्तर डिचोलीत बारा आणि बोस्टनमध्ये तीन यायला हवं. दोन्हीकडे बाराच येतं.

हे मला कळायला चाळिशी उलटावी लागली. आणि मी दुकानाचे हिशेब लिहिते!

१४ ऑगस्ट, गुरुवार

शाळा लवकर सुटली, म्हणून लेक दुकानात येऊन बसला होता. सिमेंट, पत्रे, पाइप, खिळे यांत त्याला रस नाही. त्याचा जीव माझ्या टेबलावरच्या मोठ्या बटणांच्या कॅल्क्युलेटरवर. एक बिल समोर होतं, गाडीभाडं ३५० आणि ४०० च्या भावाने सिमेंटची १२ पोती. त्याने जसं लिहिलं होतं तसंच दाबलं: ३५० + १२ × ४००.

१,४४,८००.

“आई, हा गिऱ्हाइकाला लुटतो!”

मी माझ्या मोबाइलवर तेच दाबायला सांगितलं. ५,१५०. त्याचे डोळे एवढाले झाले. पुन्हा टेबलावरचा, पुन्हा मोबाइल. मग दुकानाच्या संगणकावर विंडोजचा कॅल्क्युलेटर उघडला. साध्या रूपात १,४४,८००, त्यालाच सायंटिफिक केलं तर ५,१५०. एकाच घरातले दोन भाऊ, दोन उत्तरं. पात्रांव, म्हणजे आमचे मालक, गल्ल्यावरून हे सगळं बघत होते. म्हणाले, “उद्यापासून बिलं सगळी ह्या थोरल्या यंत्रावरच कर गो.”

टेबलावरच्या यंत्राला पुढचं दिसतच नाही. ३५० अधिक १२ दाबून × म्हटलं की ते आधीचं उरकून टाकतं: ३६२. पुढे गुणाकार येणार आहे हे त्याच्या गावी नाही. मोबाइल मात्र ओळ पूर्ण होईपर्यंत थांबतो.

मला नवल वाटलं ते माझं. इतकी वर्षं मी त्या टेबलावरच्या यंत्रावर हिशेब करतेय, आणि एकदाही चुकले नाही, कारण माझी बोटं आपोआप १२ × ४०० आधी दाबतात आणि भाडं मग मिळवतात. दहा प्रकारचा माल असला तर प्रत्येकाचा गुणाकार करून एम-प्लस दाबायचं, की तो यंत्राच्या आठवणीत मिळवला जातो, शेवटी एमआर दाबून एकूण बघायचं. ते एम-प्लस म्हणजे कंसच की! प्रत्येक गुणाकार आपल्या डब्यात बंद, मग सगळ्या डब्यांची बेरीज. नियम डोक्यात अर्धाच होता, पण बोटांना पुरा येत होता.

गुणाकार आधी का, हे लेकाने विचारलं नाही. विचारलं असतं तर हेच बिल दाखवलं असतं. १२ × ४०० म्हणजे चारशेची बारा पोती एकाखाली एक लिहायचा कंटाळा. ती बारा ओळींची बेरीज आहे, घडी घालून ठेवलेली. गाडीभाडं त्या घडीत शिरलं तर भाडंही बारा वेळा, नाही, चारशे वेळा द्यावं लागेल. तोच तो १,४४,८००.

१७ ऑगस्ट, रविवार

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पुन्हा ते टाकलं: ८ ÷ २(२ + २) = ? २०१९ साली हे जगभर फिरलं होतं, कॉर्नेल विद्यापीठाच्या स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांच्यासारख्या गणितज्ञाला न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख लिहावा लागला होता. आमच्या ग्रुपला ते आज पोचलं. मडगावचा दादा इंजिनिअर, तो म्हणतो एक. फोंड्याची वैनी म्हणते सोळा. दुपारच्या जेवणापर्यंत (श्रावण, त्यामुळे ताटात मासळीऐवजी भाज्यांचं खतखतं आणि कुणाचाच मूड चांगला नाही) पंचेचाळीस मेसेज.

डावीकडून गेलं तर ८ ÷ २ चार, चार चोक सोळा. पण २ आणि कंस यांच्यामध्ये गुणिले लिहिलेलंच नाही, दोघे अंगाला अंग लावून बसलेत. त्यांना एकच वस्तू मानलं तर खाली आठ, आणि उत्तर एक. सायंटिफिक कॅल्क्युलेटरांचंही यावर एकमत नाही, एकाच कंपनीची दोन मॉडेलं वेगळी उत्तरं देतात. दादाला आणि वैनीला काय बोलायचं?

माझं मत मी ग्रुपवर टाकलं नाही, इथे लिहिते: गणित वाईट लिहिलंय. भागाकाराची आडवी रेघ ओढून वर आठ आणि खाली बाकीचं लिहा, भांडण मिटलं. रेघ स्वतःच कंस असते. आमच्या जुन्या पुस्तकात गोल, महिरपी आणि चौकटी कंसांच्या जोडीला रेघी कंसही होता, तो मला तेव्हा सर्वांत बिनकामाचा वाटायचा. त्या ÷ चिन्हावर तर आंतरराष्ट्रीय मानकातही आता फुली मारलीय, आयएसओ म्हणतं, भागाकारासाठी ते वापरू नका.

आणि मग ‘चे’ची आठवण आली. बोडमासमधला ओ. कंचेभागुबेवमध्ये चे भागाकाराच्याही आधी बसवलाय तो का? २४ ÷ ८ चे १/२ म्हणजे आठचे अर्धे चार, चोवीस भागिले चार, सहा. तिथे ‘चे’ पुसून गुणिले घातलं तर २४ ÷ ८ × १/२, उत्तर दीड. ‘चे’ ही षष्ठी आहे, व्याकरणातली चा-ची-चे! ‘आठचे अर्धे’ म्हटलं की दोन शब्दांची गाठ पडते, मध्ये तिसरा घुसत नाही. दादाचा ‘एक’ त्याच गाठीवर उभा आहे. २ आणि कंस यांच्यामध्ये त्याला न लिहिलेला ‘चे’ ऐकू येतो. वैनीला येत नाही. दोघांच्या शाळा वेगळ्या.

रात्री उशिरापर्यंत चिन्हांचा जन्म शोधत बसले. अधिक आणि वजा छापून आले १४८९ मध्ये, जर्मनीत. गुणिलेची फुली ऑट्रेड नावाच्या इंग्रजाने १६३१ मध्ये मारली. ÷ हे भागाकारासाठी राहन नावाच्या स्विस माणसाने १६५९ मध्ये वापरलं. आणि बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये. आपल्या गोव्यात पहिला छापखाना आला १५५६ साली. म्हणजे जुन्या गोव्यात यंत्र बसलं तेव्हा ‘=’ जन्मालाही आलं नव्हतं.

मग त्याआधी माणसं काय करत होती? बोलत होती. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० मध्ये, अशी एकही खूण मधे न घालता कोडं श्लोकातच आहे. एका संख्येला तीनने गुण, येईल त्यात त्याचेच तीन चतुर्थांश मिळव, सातने भाग, येईल त्यातून त्याचाच एक तृतीयांश वजा कर, वर्ग कर, बावन्न वजा कर, वर्गमूळ घे, आठ मिळव, दहाने भाग, दोन उरतात. संख्या सांग. शेवटाकडून उलट चालत जायचं, मिळवले तिथे वजा करायचे, भागले तिथे गुणायचे. उत्तर २८. नवऱ्याने आणि लेकाने मिळून काढलं, मध्ये एकदा वर्गमुळावर अडले. इथे बोडमास लागतच नाही! ज्या क्रमाने बोलले त्याच क्रमाने करायचं. तेच मी एका ओळीत चिन्हांनी मांडायला गेले तर गोल संपले, महिरपी संपले, चौकटी संपले आणि मी अजून बावन्नपर्यंतच पोचले होते.

२४ ऑगस्ट, रविवार

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तीन दिवसांवर. माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळांच्या, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. सुपारीचे घोस, आंबाडे, निरफणस, आणि भाव ऐकून माणूस तिथेच बसेल. सासूबाई पुढे, मी पिशव्या घेऊन मागे, लेक वही घेऊन त्याच्या मागे. हिशेब लिहायची जबाबदारी त्याने मागून घेतली होती.

मांय (आम्ही सासूबाईंना मांयच म्हणतो) चौथी शिकलेली. पस्तीसचे तीन नारळ, साठच्या दोन तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, आणि घासाघीस करून वीस सोडवलेले. बाईच्या हातावर तिने दोनशे पाच ठेवले तेव्हा लेक अजून लिहितच होता. लिहून झाल्यावर वही तिच्यापुढे धरली:

(३ × ३५) + (२ × ६०) − २०

“कंस कशाला घातलेस?” मी विचारलं. “नसते तरी चाललं असतं.”

“मला चाललं असतं,” तो म्हणाला. “मांयला बोडमास कुठे शिकवलंय?”

मांयने चश्मा कपाळावरून खाली घेतला, वही दूर धरून बघितली. “हे काय रे, नारळाला एक पिशवी आणि तवशीला दुसरी?”

“तसंच काहीतरी.”

“बरं केलंस. एका पिशवीत घालू नकोस, तवशी चेपते.” आणि आंबाड्यांच्या ढिगाकडे वळली.