आमची वाटचाल: स्ट्रेचरच्या मागे मागे

आर्किटेक्टचं ऑफिस सुरू केलं तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि कॉलेजचा मित्र. कामं म्हणजे बंगले, एखादं शोरूम, कुणाचं तरी रिनोव्हेशन. हॉस्पिटलच करायचं असं काही ठरवलं नव्हतं, ज्यांचा बंगला केला त्या डॉक्टरांनीच विचारलं वीस बेडचं हॉस्पिटल कराल का, आणि हाताला काम हवं होतं म्हणून हो म्हणून बसलो.

बिल्डिंग दिसायला झकास झाली. पण टॉयलेटची दारं आम्ही घरासारखी आत उघडणारी दिलेली. महिनाही झाला नसेल, एक आजी आत चक्कर येऊन पडल्या त्या नेमक्या दाराला टेकून, आणि बाहेरून कुणालाच दार ढकलता येईना! शेवटी सुताराने वरचं पॅनल कापलं तेव्हा वॉर्डबॉय आत उतरला. आजींना काही लागलं नाही, पण मेट्रनबाईंनी मला जे झापलंय ते अजून कानात आहे. सगळी दारं आमच्या खर्चाने बाहेर उघडणारी केली, बरीचशी फी त्यातच गेली.

तेव्हापासून ड्रॉइंगला हात लावायच्या आधी एक अख्खी नाइट शिफ्ट वॉर्डात बसायचं आणि स्ट्रेचरच्या मागे चालायचं. मग कळतं की कॉरिडॉर २.४ मीटर का लागतो, कारण समोरासमोर दोन बेड येतात, सोबत सलाईनचा स्टँड आणि तो धरणारा माणूस. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवायचा म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची हवा आत शिरत नाही, संसर्गाच्या पेशंटच्या आयसोलेशन रूमला बरोब्बर उलटं. एमआरआयला तर खोलीभर तांब्याचं कवच लागतं, वर मशीन आत आणायची आणि पुढेमागे बदलायची वाट आधीच आखावी लागते, नाहीतर नवी भिंत फोडायची वेळ येते (आमच्यावर आलीये).

फिनलंडमधलं पाइमियोचं टीबी सॅनेटोरियम आर्किटेक्ट आल्वार आल्टोने केलं, १९३३ साली पूर्ण झालं, तिथे खोलीतलं बेसिनसुद्धा असं की पाणी पडल्याचा आवाज होऊन शेजारच्याची झोप मोडू नये. मला हे फार भारी वाटतं. आणि संशोधक रॉजर उलरिकचा १९८४ चा अभ्यास, पित्ताशयाच्या ऑपरेशनचे ४६ पेशंट, ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, स्ट्राँग पेनकिलरही कमी लागल्या. मालक लोक बाग काढून पार्किंग मागतात तेव्हा मी हेच पुढे करतो, दर वेळी जिंकतो असं नाही.

आता आम्ही नऊ जण आहोत. त्यातल्या एक त्याच मेट्रनबाई, रिटायर झाल्यावर मीच बोलावलं, आठवड्यातून दोन दिवस लाल पेन घेऊन बसतात. परवाच माझं नर्सिंग स्टेशन खोडलं, म्हणाल्या इथून शेवटच्या दोन बेडचे फक्त पाय दिसतायत, तोंड कोण बघणार?