जिन्याच्या दाराने खाल्लेली सकाळ

आर्किटेक्टांच्या प्रशिक्षणवर्गात 'इमारतीची सुरक्षा' हा विषय घेताना आम्ही आधी एखादं खरं दार दाखवतो, स्लाइड्स नंतर. बडोद्याला अलकापुरीतल्या एका ऑफिस-इमारतीत त्या दिवशी प्रोजेक्टर लागलाच नाही. तिसऱ्या मजल्यावर मागच्या जिन्याकडे उघडणाऱ्या दोन झडपांच्या दारानेच सगळी सकाळ खाल्ली.

दोन्ही झडपांना 600 पौंडांचं, म्हणजे सुमारे 272 किलोंचा ओढ सोसणारं, चुंबकी कुलूप; वीज असेतो धरतं, वीज तुटली की सोडतं. बाहेरून कार्ड, आतून वर हालचाल टिपणारा सेन्सर आणि शेजारी हिरवं बटण. कागदावर निर्दोष.

झडपांमधली फट 8 मिलिमीटर होती. कीबोर्ड साफ करायचा हवेचा डबा आम्ही उलटा धरला, नळी फटीतून आत सारली आणि थंड फवारा वर सोडला. सेन्सर तापमानातला फरक टिपतो. त्याला वाटलं, आतून कुणी निघालंय. कुलूप सुटलं. झडपेच्या कडेला फट झाकणारी पट्टी ठोकली आणि सेन्सरऐवजी आतून दाबल्यावर कुलूप सोडणारं स्विचचं हँडल दिलं, तर हा प्रकार बंद होतो. खर्च फारसा नाही.

यावर सगळे हसले. पुढच्या चाचणीला मात्र कुणी हसलं नाही. इमारतीच्या वायरमनला आम्ही फक्त कंट्रोलरचा, म्हणजे कार्ड आणि बटण ओळखून कुलूप सोडणाऱ्या पेटीचा, पुरवठा काढायला सांगितला. कुलपाचा पुरवठा वेगळा होता, तो चालूच ठेवला. आता हिरवं बटण दाबलं. दार ढिम्म. पुन्हा दाबलं, खांदा लावला, तरी तेच.

कारण वायरिंगमध्ये होतं. कुलपाची वीज कंट्रोलरच्या रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) नेहमी जोडलेल्या संपर्कातून जात होती. कंट्रोलर मेला की रिले विश्रांतीत जातो, संपर्क जुळलेलाच राहतो आणि कुलूप धरून बसतं. बटण तर कंट्रोलरला नुसता निरोप देत होतं, आणि निरोप घ्यायला कुणी जागं नव्हतं. सुटकेचं दार किल्लीशिवाय आतून उघडता आलं पाहिजे, असं 2016 चा राष्ट्रीय इमारत संकेत सांगतो. म्हणून आणीबाणीच्या बटणाचा संपर्क थेट कुलपाच्या वायरीत घालायचा. दाबलं की वीज तुटलीच पाहिजे. फायर अलार्मच्या पॅनेलचा रिलेही तिथेच, सॉफ्टवेअरमधून नाही.

मग उलटी भीती निघाली: वीज गेली तर? दोन कुलपं मिळून साधारण 1 अँपिअर खातात. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची नवी बॅटरी जेमतेम सहा तास पुरेल. त्यानंतर दार आपोआप मोकळं होणार, आणि ते तसंच व्हायला हवं. रोकड किंवा सर्व्हर या एका दाराच्या भरवशावर ठेवायचे नाहीत. त्यांच्या खोलीला वीज गेल्यावर बाहेरून बंद राहणारं आणि आतून हँडलने उघडणारं कुलूप द्यावं.

डावी झडप जोराच्या हिसक्याने सुटायची. चुंबक जिला धरतो त्या झडपेवरच्या पोलादी पट्टीवरही रंगाऱ्याने ब्रश फिरवला होता, आणि मागचा रबरी वॉशर दाबून बोल्ट आवळलेला होता. पट्टी किंचित डुलती राहिली तरच चुंबकावर सपाट बसते. शिवाय 0.5 चौरस मिलिमीटरची वायर 40 मीटर ओढलेली; अर्ध्या अँपिअरला जाऊन-येऊन जवळपास दीड व्होल्ट वाटेतच गळतो. 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत हाच तोटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहतो.

जेवताना दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचा विषय निघाला. तिथला अडसर दोन्ही बाजूंच्या भिंतीतल्या खोबणीत जातो, धक्का थेट भिंत झेलते. आपल्याकडे महागडं कुलूप आणतात आणि कोयंड्याची पट्टी पाऊण इंची स्क्रूंवर लटकवतात. लाथ बसली की कुलूप शाबूत राहतं, चौकटीचं लाकूड चिरतं.

दुपारी प्रत्येकाने आपल्या चालू कामातलं दारांचा तक्ता (डोअर शेड्यूल) काढला. बहुतेकांच्या कुलपाच्या रकान्यात 'विक्रेत्याप्रमाणे' एवढाच शब्द. त्याच्या जागी आम्ही पाच गोष्टी लिहून घेतल्या: दार कुठल्या बाजूला उघडतं, वीज गेल्यावर काय होतं, आतून कसं सुटतं, बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला आली तर ती निघणार नाही अशी आहे का, आणि चौकटीत वायरीसाठी 20 मिलिमीटरचा पाइप सोडलाय का. शेवटच्या प्रश्नापाशी दोघांनी तिथूनच साइटवर फोन लावले. एकाची चौकट आदल्याच दिवशी भरून झाली होती.